कॅनडा पीआर: बँकेचं पत्र, सासऱ्यांचे पैसे आणि सहा महिन्यांची सरासरी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स आहे. कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या रहिवासासाठी) एक्सप्रेस एंट्री या ऑनलाइन पद्धतीत फेडरल स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) गटाखाली माझं प्रोफाइल होतं आणि आरोग्य क्षेत्राच्या ड्रॉमध्ये, म्हणजे निवडीच्या फेरीत, आयटीए (अर्ज करायचं निमंत्रण) आलं. आता साठ दिवसांच्या आत पूर्ण अर्ज भरायचा आहे. आयईएलटीएस, डिग्रीचं मूल्यांकन, पीसीसी (पोलिसांचा दाखला), अनुभवाची पत्रं सगळं हातात आहे. घोडं अडलंय ते प्रूफ ऑफ फंड्सपाशी, म्हणजे पुरेसे पैसे असल्याच्या पुराव्यापाशी.

आम्ही चौघं. मी, मिस्टर, मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. ७ जुलै २०२५ पासून चौघांसाठी २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवायचे आहेत (आधी २७,२९७ होते). आजच्या भावाने साडेसतरा-अठरा लाख रुपये.

पैसे आहेत, पण विखुरलेले. माझ्या पगाराच्या खात्यात आणि त्याच बँकेतल्या एफडीत मिळून साडेसहा लाख. मिस्टर महापेला एमआयडीसीत नोकरीला आहेत, त्यांच्या खात्यात तीन लाख. त्यांची आणि सासूबाईंची जोडनावावर दोन लाखांची एफडी आहे. मिस्टरांचीच पतपेढीत दीड लाखाची ठेव आहे, तिची पावती अख्खी मराठीत. पीपीएफमध्ये चार लाख आहेत, पण त्याला अजून सातवं आर्थिक वर्ष लागलेलं नाही. उरलेली मोठी रक्कम सासरे देणार आहेत. नौपाड्यातली त्यांची जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, बिल्डरकडून कॉर्पस (एकरकमी पैसे) मिळाला, त्यातले आठ लाख. ते सध्या त्यांच्या सहकारी बँकेतल्या खात्यात आहेत.

माझ्या बँकेत पत्र मागायला गेले तर काउंटरवरच्या मॅडमनी छापील बॅलन्स सर्टिफिकेट हातात ठेवलं. त्यावर नाव, खाते क्रमांक आणि अमुक तारखेला अमुक शिल्लक, बस्स. खातं कधी उघडलं ते नाही, सहा महिन्यांची सरासरी नाही, कर्जाचा उल्लेख नाही, शाखेचा ईमेलसुद्धा नाही. मॅनेजर म्हणाले, सिस्टिममधून एवढंच निघतं, बाहेरच्या मजकुरावर आम्ही सही करत नाही.

तर प्रश्न असे. बँकेकडून हवं तसं पत्र कसं मिळवायचं? सासऱ्यांचे आठ लाख आत्ता खात्यात आले तर सरासरी अगदीच कमी दिसणार, ते चालेल का, आणि पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे? मिस्टर सासऱ्यांना नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत इथेच थांबायचं म्हणतात, मग आम्ही तिघंच जाणार असू तर तिघांचे २३,३६० दाखवून भागेल का?

आणि एक. स्टेशनजवळच्या एका सल्लागाराने सांगितलं की रक्कम आम्ही खात्यात ठेवतो, पत्र निघालं की परत घेतो, टक्केवारी द्या. मला हे अजिबात पटलेलं नाही. पण नात्यातले दोघंतिघं म्हणतात की सगळेच असं करतात, म्हणून घरात यावरून रोज वाद आहे. रात्रपाळ्या करून साठवलेला पैसा आहे आमचा, त्याच्या शेजारी उसना पैसा ठेवायचा नाही मला. ज्यांनी ही पायरी ओलांडली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

– वर्तकनगर_ठाणे

नेरूळ_पूर्व

ताई, आधी अभिनंदन. ड्युटी सांभाळून इथवर येणं सोपं नाही.

सल्लागाराचा प्रस्ताव आजच बंद करा. हे पैसे उसने घेतलेले चालत नाहीत, असं आयआरसीसीने (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने) स्पष्ट लिहिलं आहे. पत्र निघाल्यावर रक्कम परत गेली आणि अधिकाऱ्याने पुन्हा स्टेटमेंट मागवलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. त्याला तिकडच्या कायद्यात मिसरिप्रेझेंटेशन (खोटी माहिती देणं) म्हणतात आणि त्याची शिक्षा पाच वर्षांची बंदी आहे. बंदी तुमच्यावर येणार, सल्लागार पुढचं गिऱ्हाईक बघेल. घरच्यांना हे पाच वर्षांचं वाक्य वाचून दाखवा.

तिघांचा हिशोब चालणार नाही. नवरा किंवा मुलं सोबत येत नसली तरी कुटुंबाच्या आकड्यात मोजावीच लागतात. त्यामुळे चौघांचेच दाखवा. मिस्टर मागे राहणार की सोबत येणार हा तुमचा घरचा निर्णय, पण आकडा त्याने कमी होत नाही.

आता बँक. तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर शाखेचा शिक्का मारून पोच घ्या. पत्रात काय हवं ते आयआरसीसीच्या पानावर आहे, त्याची प्रिंट अर्जाला जोडा: बँकेचं लेटरहेड, शाखेचा पत्ता, फोन, ईमेल, तुमचं नाव, क्रेडिट कार्ड किंवा कर्जाची थकबाकी, आणि प्रत्येक खात्याचा व एफडीचा क्रमांक, उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक. कर्ज नसेल तर 'नाही' असं लिहून घ्या, आणि असेल तर लपवू नका.

मॅनेजर सही करायला कचरतात कारण त्यांना वाटतं आपण कसली तरी हमी देतोय. 'हे पत्र खातेदाराच्या विनंतीवरून दिले असून बँकेवर कोणतीही जबाबदारी नाही' ही ओळ त्यांना खाली घालू द्या. तिने तुमचं काही अडत नाही आणि त्यांचा जीव भांड्यात पडतो. आमच्या शाखेतही याच ओळीवर गाडी पुढे सरकली. तरीही नाहीच म्हणाले तर बँकेच्या ग्राहक तक्रार विभागाला पोचप्रत जोडून ईमेल करा. अगदी शेवटचा उपाय म्हणजे तेच छापील सर्टिफिकेट, सहा महिन्यांचं स्टेटमेंट पानोपानी शिक्का मारून, आणि बँकेने काय नाकारलं हे सांगणारं तुमचं स्पष्टीकरणाचं पत्र, म्हणजे एलओई. पण त्यावर विसंबू नका. पत्रासाठी भांडा.

कोपरी_कॉलनी

माझ्या भावाने टोरोंटोतून पीआर केलं तेव्हा एक रुपया दाखवला नाही. बँकेचं पत्रही नाही. नक्की लागतं का हे?

नेरूळ_पूर्व

दादा, तुमचे भाऊ तिथे नोकरी करत कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमधून गेले असतील. त्या वर्गाला फंड्स लागत नाहीत. तिथे काम करायची परवानगी आणि वैध जॉब ऑफर दोन्ही असतील त्यांनाही सूट आहे. ताई इथून फेडरल स्किल्ड वर्करमधून जाताहेत, त्यांना लागणारच.

राम_मारुती_रोड

मी हिशोबाच्या कामातला, म्हणून फक्त पैशांच्या प्रवासाबद्दल लिहितो.

सासऱ्यांचे आठ लाख तुमच्या खात्यात घेऊ नका, मिस्टरांच्या खात्यात घ्या. प्राप्तिकराच्या दृष्टीने सासऱ्याकडून सुनेला आणि वडिलांकडून मुलाला मिळालेली भेट दोन्ही करमुक्त आहेत. फरक पुढे पडतो. सुनेला दिलेल्या रकमेवर जे व्याज येईल ते सासऱ्यांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. सज्ञान मुलाला दिलं तर तो प्रश्न येत नाही. आणि मिस्टर सोबत येणार असतील तर तुमच्या अर्जात त्यांचा पैसाही धरता येतो, फक्त तो पैसा तुम्हाला वापरता येतो हे दिसलं पाहिजे. त्यासाठी त्यांच्या खात्यावर तुमचं नाव जोडून घेतलं तर फारच उत्तम.

रक्कम आरटीजीएसनेच जाऊ द्या, रोख एक पैसाही नको. सोबत गिफ्ट डीड करा, स्टॅम्प पेपरवर, नोटरीसह. त्यात देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक आणि 'ही रक्कम परत करायची नाही, कर्ज नाही' हे वाक्य ठसठशीत हवं. अधिकाऱ्याला शंका एकच असते, हा पैसा उसना तर नाही? म्हणून तो आला कुठून हेही दाखवा. बिल्डरबरोबरच्या करारातलं कॉर्पसचं कलम, सासऱ्यांच्या खात्यात ती रक्कम जमा झाल्याची नोंद, तिथून मिस्टरांच्या खात्यात गेल्याची नोंद. ही साखळी सलग दिसली की सरासरी कमी का आहे हे वेगळं पटवावं लागत नाही. एलओईत चार ओळींत तेच लिहा.

सहकारी बँकेचं पासबुक देऊ नका, इंग्रजीत संगणकीय स्टेटमेंट मागा. करारातलं कलम मराठीत असेल तर भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागेल. पतपेढीची ठेव मात्र मोडाच. त्या पावतीचं भाषांतर करून दाखवण्यापेक्षा दीड लाख मिस्टरांच्या बँक खात्यात आलेले बरे. थोडं व्याज बुडेल, बुडू दे.

सासूबाईंच्या जोडनावाची एफडी मी मोजणार नाही. त्या कुटुंबाच्या आकड्यात नाहीत, त्यामुळे त्यातले तुमचे किती हा प्रश्न उभा राहतो. पीपीएफही सोडा, त्यातून आत्ता पैसे काढता येत नाहीत. मग साडेसहा, तीन, दीड आणि आठ मिळून एकोणीस लाख होतात. माझ्या मते हे पुरेसं आहे, पण काठावर नको असेल तर आणखी लाखभर उभे करा. रुपया घसरला तर साडेअठरा लाखांचेही २८,३६२ भरणार नाहीत.

वर्तकनगर_ठाणे

दोघांचेही मनापासून आभार. सुनेऐवजी मुलाच्या खात्यात, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते लगेच करार शोधायला बसले.

दोन शंका उरल्या. माझे दागिने आणि आमचा फ्लॅट यांचं व्हॅल्युएशन जोडलं तर काही वजन पडेल का? आणि ही रक्कम खात्यात कधीपर्यंत ठेवायची? मुलीची क्लासची फी जूनमध्ये भरायची आहे.

नेरूळ_पूर्व

दागिने, फ्लॅट यांचं व्हॅल्युएशन या आकड्यात धरलं जात नाही. घर तारण ठेवून पैसे काढायचा विचार असेल तर तोही सोडा. तो कर्जाचाच पैसा.

रक्कम अर्ज करताना असायला हवी आणि पीआर व्हिसा मिळतानाही. मध्ये कधीही नव्याने पुरावा मागू शकतात. फी भरा, पण किमान रकमेच्या वरच्या पैशातून. एकोणीसचे साडेसतरा होता कामा नयेत. एफडी असेल तर पत्रात 'मागणी केल्यास मुदतीआधी मोडता येते' हे लिहून घ्या. कर वाचवायची पाच वर्षांची एफडी असेल तर ती धरू नका.

अपलोड करताना या पुराव्यासाठी एकच रकाना असतो, म्हणून सगळ्याची एक पीडीएफ करा. सर्वांत वर एलओई, मग तुमच्या बँकेचं पत्र, मिस्टरांच्या बँकेचं पत्र, स्टेटमेंट्स, आणि शेवटी गिफ्ट डीड व त्यामागची कागदं. स्कॅन फार जड करू नका, फाइलच्या आकाराला मर्यादा आहे.

वर्तकनगर_ठाणे

सोमवारी सकाळपाळी नाही, तेव्हा लेखी अर्ज दोन प्रतींत घेऊन बँकेत जाते. सल्लागाराला आज फोन करून नाही सांगितलं. एलओईचा मसुदा लिहायला घेतला आहे, कोणी नजरेखालून घालेल का?

राम_मारुती_रोड

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खाते क्रमांक आणि पासपोर्ट क्रमांक झाकून पाठवा, मला फक्त रकमा आणि तारखा जुळतात का ते बघायचं आहे.