पाळी जायच्या वयात नवऱ्याजवळ जायचीच भीती वाटते

शेवंती:
वय ४७, मिस्टर ५२. दीड वर्षापासून पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, गाऊन घामाने चिंब, मी पंखा पाचवर करते आणि हे शेजारी गोधडी ओढून कुडकुडतात, ते एक वेळ चालतं. पण सहा महिने झाले, जवळ आलो की आत इतकं कोरडं, इतकी आग होते की नको वाटतं, दुसऱ्या दिवशी लघवीलाही जळजळ. मग रात्री मी मुद्दाम ओटा दोनदा पुसते, विरजण लावते, हे झोपलेत असं वाटलं की हळूच आडवी होते. परवा हे म्हणाले, "मी तुला नकोसा झालोय का गं?" मला बोलताच आलं नाही, पाठ फिरवून रडले. नकोसे नाहीत हो ते मला. हे असंच राहणार का?

अबोली५३:
शेवंतीताई, अगदी माझंच लिहिलंत. वाफा काही वर्षांनी कमी होतात पण हा कोरडेपणा आपोआप जात नाही, मी तीन वर्षं वाट बघत बसले आणि तेवढी वर्षं फुकट गेली. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की तिथली त्वचा पातळ होते, ओलावा जातो. डॉक्टरांनी आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, आधी दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, दोनेक महिन्यांत खूप फरक पडला. पण आधी यांना सांगा, प्लीज. मी सांगितलं तेव्हा आमचे हे गप्पच झाले, मग म्हणाले मला वाटलं तुझं मन उडालं.

काटेसावर:
पुरुष म्हणून लिहितो. मी ५५. बायको टाळत होती आणि त्याच वेळी माझंही नीट होत नव्हतं, ताठरता टिकत नव्हती, लाजेने मीही पाठ करून झोपायचो. शेवटी तपासलं तर शुगर वाढलेली निघाली. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं हार्मोन, वयाबरोबर हळूहळू उतरतं हे खरं, पण सगळं त्याच्या माथी मारू नका, शुगर, बीपी, हार्ट आधी बघा. जाहिरातीतल्या ताकदीच्या गोळ्या तर अजिबात नको.

सदाफुली:
मी गायनॅक ओपीडीत सिस्टर आहे. बायका आत गुडघेदुखी सांगतात आणि हे असलं दुखणं बाहेर जाताना दारात, हळू आवाजात सांगतात. ताई, बसल्या बसल्याच सांगा. लघवीची तपासणी करून घ्या, इन्फेक्शन असू शकतं. तोपर्यंत मेडिकलमधलं वॉटर बेस्ड जेल वापरा. खोबरेल आणि कंडोम एकत्र नको, कंडोम फाटतो. आणि पाळी लांबली म्हणजे दिवस राहत नाहीत असं नाही, पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर २ वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर १ वर्ष. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर क्रीमच्या आधी ते डॉक्टरांना सांगायचंच.

शेवंती:
काल ओटा तसाच ठेवला आणि यांना हा धागाच वाचायला दिला, तोंडाने सांगणं जमलं नसतं. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "दुखत होतं तर बोलायचं नाही का, वेडे." शनिवारी दोघं जातोय, यांची शुगरही करून घेऊ. अबोलीताई, क्रीम किती महिने चालू ठेवलं?