जुन्या पाटल्या आणि बोरमाळ: '२२ कॅरटचा भाव, घडणावळ माफ' हा सौदा परवडतो का?

गुजरीतली_नवखी

सोसायटीतल्या एक काकू दोन डाग (दागिने) विकताहेत. पाटल्यांची जोडी काट्यावर ३५ ग्रॅम, बोरमाळ २८ ग्रॅम, मणी ४१. पाटल्यांना आतून पेढीचा शिक्का आहे आणि जुनं बिल आहे, त्यावर '३ तोळे १ गुंज' लिहिलंय. बिलावर साल असतं तो कोपरा फाटलाय. बोरमाळेचं बिल नाही. हॉलमार्क दोन्हीला नाही. काकूंचं म्हणणं, "दोन्ही केडीएम आहे, आजच्या २२ कॅरटच्या भावाने घे, घडणावळ आणि जीएसटी तुझा वाचला." नवीन घेण्यापेक्षा स्वस्त दिसतंय, पण बिलावर ३ तोळे आणि काट्यावर साडेतीन कसे, हे कळत नाही. काय काय तपासून घ्यावं?

कस_लावून_पाहा

तोळ्याचं कोडं सोपं आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, १२ मासे किंवा ९६ गुंजांचा. हल्ली बोलताना तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुने ३ तोळे १ गुंज म्हणजे ३५.११ ग्रॅम. काट्यावर ३५ भरले, म्हणजे वापरात गुंजभर झीज झाली. बिल आणि डाग एकमेकांचेच आहेत, हे चांगलं लक्षण. घासाघीस मात्र कायम ग्रॅममध्ये करा, तोळ्यात बोललात की कुणीतरी फसणार.

आता सौदा. दोन्ही डाग एका भावात घेऊ नका, कारण पाटल्यांमधला फायदा बोरमाळ खाऊन टाकेल. दुकानातल्या फळ्यावरचा भाव हा विकण्याचा भाव असतो. उद्या हेच डाग तुम्ही मोडीला नेलेत तर सराफ निव्वळ सोनं, टंच (शंभरात शुद्ध सोनं किती) आणि आटणीतली (वितळवतानाची) घट एवढंच बघतो. घडणावळ ज्यांनी डाग करवून घेतला त्यांनी भरली आणि ती तिथेच संपली. काकू माफ करताहेत ती उरलेलीच नाही.

माझी पद्धत अशी: आज घेतला आणि उद्या मोडला तर खड्डा किती? हिशेबाला शुद्ध सोनं ग्रॅमला १०,००० रुपये धरू, म्हणजे २२ कॅरटला ९,१६०. आटणी आणि घटीचे २ टक्के.

नव्या पाटल्या: ३५ × ९,१६० = ३,२०,६००. त्यावर १० टक्के घडणावळ, मग सगळ्यावर ३ टक्के जीएसटी, एकूण ३,६३,२००च्या आसपास. उद्या मोडल्या तर ३,१४,२०० येतील. खड्डा ४९ हजारांचा.

काकूंच्या पाटल्या: मागताहेत ३,२०,६००. जुन्या हातघडणीच्या डागाचा टंच ८८ लागला असं धरू. ३५ × ०.८८ = ३०.८ ग्रॅम शुद्ध. घट जाऊन ३,०१,८००. खड्डा १९ हजारांचा. अंगावर घालायच्या असतील तर मागितलेल्या किमतीलाही नव्यापेक्षा बऱ्या. ३,०५,००० ला मिळाल्या तर उत्तम.

बोरमाळ: मागताहेत २,५६,५००. पण मणी पोकळ पत्र्याचे आणि आत लाखेचा (राळेसारख्या पदार्थाचा) भराव. लाख आणि दोरा मिळून ९ ग्रॅम निघाले, टंच ८६ लागला, तर १९ × ०.८६ = १६.३४ ग्रॅम शुद्ध. हातात १,६०,०००. खड्डा ९६ हजारांचा! तुम्ही लाख सोन्याच्या भावाने घेताय.

आटणी

वरचा हिशेब बरोबर. टंच मात्र ८८ 'धरायचा' नाही, काढायचा.

केडीएमवर आधी. केडीएम ही शुद्धतेची खूण नाही. डाखात (सांधे जोडायच्या मिश्रधातूत) तांबं-पितळेऐवजी कॅडमियम वापरलं की त्याला केडीएम म्हणायचे. पूर्वीच्या डाखात सोनं कमी असल्यामुळे डाग आटवला की टंच खाली यायचा. कॅडमियमचा डाख ९२ टक्के सोन्याचा करता येतो आणि आटताना कॅडमियम उडून जातं, म्हणून टंच टिकतो. पण तो धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक, त्यामुळे हॉलमार्कच्या मानकात कॅडमियम चालत नाही. आणि गुंजेत बिल लिहिलेल्या काळातल्या पाटल्या केडीएमच्या असतील हे जुळत नाही. तो प्रकार पुष्कळ नंतरचा. काकू खोटं बोलतात असं नाही, 'चांगलं सोनं' याला अनेक घरांत केडीएमच म्हणतात.

बिलाचं साल मात्र शोधा. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली होती, १९६६ मध्ये ती सैल झाली. त्या तीन-चार वर्षांतला डाग १४ कॅरटचा निघू शकतो. तसं झालं तर ८८ चा टंच थेट ५८ वर येतो आणि वरचा सगळा हिशेब रद्द.

तपासणी हॉलमार्किंग केंद्रावर करा. सामान्य ग्राहकाचे डागही ते तपासतात. ४ नगांपर्यंत २०० रुपये आणि वर कर. दुकानातलं कॅरट मीटर वाईट नाही, पण ते क्ष-किरणांनी वरचे काही मायक्रॉनच वाचतं. जाड मुलामा असेल तर मुलाम्याचा टंच सांगतं. म्हणून एका जागी वाचून थांबायचं नाही: पाटलीच्या बाहेरून, आतून झिजलेल्या जागी आणि सांध्यावर असे तीन आकडे घ्या. सांध्यावर आकडा पडणारच, डाख आहे तो. पण आतला आणि बाहेरचा आकडा दीड-दोनपेक्षा जास्त फरकाचा आला तर तिथे कानस मारून पुन्हा वाचायला सांगा. पाटली कधी कापून मोठी-लहान केली असेल तर दुसरा सांधा सापडतो, तिथे टंच आणखी पडतो.

घरी करता येण्यासारखं एकच: भरीव पाटली दोऱ्याने पाण्यात टांगून घनता काढणं. कोरडं वजन भागिले पाण्यात कमी झालेलं वजन. २२ कॅरटला साधारण १७.७, १८ कॅरटला साडेपंधराच्या आसपास. १७.५ ग्रॅमची एक पाटली पाण्यात जवळपास १ ग्रॅमने हलकी झाली पाहिजे. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा, बुडबुडे झटकून टाका. आकडा बराच कमी आला तर पाटली पोकळ तरी आहे किंवा हिणकस तरी. बोरमाळेला हे करू नका, भोकांतून पाणी जातं आणि लाखेत काय मिसळलंय त्यावर घनता बदलते.

पटवेकरी_गल्ली

बोरमाळेचं सोनं कळायला अख्खी माळ आटवावी लागत नाही. पटवेकऱ्याकडून (दागिने ओवून देणाऱ्याकडून) माळ सोडवा. सगळे मणी एकत्र तोला, मग दोरा वेगळा. मधल्या आकाराचा एक मणी निवडून सोनाराकडून मंद आचेवर लाख वितळवून काढा, मणी साफ करून पुन्हा तोला. समजा भरलेला मणी ०.६६ आणि रिकामा ०.४६ ग्रॅम. ४१ × ०.४६ = १८.८६ ग्रॅम सोनं. मणी टोकांकडे लहान होत गेले असतील तर लहान, मधला, मोठा असे तीन मणी उघडून सरासरी घ्या. काटा मिलिग्रॅमचा लागतो, ०.०१ च्या काट्यावर एका मण्याची चूक ४१ पटींनी वाढते.

आणि माळ सोडायच्या आधी कानाजवळ धरून हलवा. खुळखुळली तर आतली लाख सुटलेली आहे. तसे मणी दाबाने पिचतात, आणि पिचलेला पातळ मणी उठवायला गेलं तर बहुतेक वेळा फाटतो. दोऱ्यावर घासून भोकं अंडाकृती झालीत का तेही बघा. दहा-बारा मणी असे असतील तर ती माळ घालायची राहिली नाही, मोडच समजा.

कॅरट मीटर इथे पत्र्याचा टंच सांगेल, पत्रा किती आहे ते सांगणार नाही. 'बोरमाळ २२ कॅरट निघाली' ऐकून कुणी हुरळून जाऊ नये. हाच मुद्दा लाख भरलेल्या गोठांना (जाड बांगड्यांना), आणि मंगळसूत्रात काळ्या मण्यांना. निव्वळ वजन लिहून दिल्याशिवाय बोलणीच नको.

गुजरीतली_नवखी

काकू मणी उघडू देणार नाहीत असं दिसतंय. "आजेसासूबाईंची माळ आहे, एकसंध आहे तशीच घे." ओळखीत फार ताणायचा संकोच वाटतो. मग अंदाजाने किती द्यावेत?

कस_लावून_पाहा

न उघडता घ्यायची असेल तर धोका तुमचा, म्हणून भावही धोक्याचा. २८ पैकी १७ ग्रॅम सोनं, टंच ८५, असं धरा: १४.४५ ग्रॅम शुद्ध, म्हणजे १,४४,५००. त्याच्या वर जाऊ नका. संकोच वाटत असेल तर सरळ सांगा की पाटल्या घेते, बोरमाळ तुमच्या घरातच राहू द्या. आजेसासूबाईंच्या माळेला काकूंच्या मनात जी किंमत आहे ती सराफाच्या काट्यावर कधीच भरणार नाही, आणि ती तुम्ही भरावी अशी अपेक्षाही बरोबर नाही.

हिशेबनीस

कागदाचं कुणी बोललं नाही, म्हणून.

जीएसटी 'वाचला' हे अर्धवट आहे. घरगुती व्यक्ती आपला वापरलेला डाग विकते तेव्हा त्यावर जीएसटी नसतोच. सवलत म्हणून मोजू नका.

रोखीने २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. 'आज दीड, उद्या दीड' केलं तरी व्यवहार एकच धरला जातो. काकूंना हे सांगा, चेक किंवा बँक ट्रान्सफर करा.

फार स्वस्त मिळाला तरी अडचण आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दागिन्याची बाजारातली किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यांत ५०,००० हून जास्त फरक असेल तर तो सगळा फरक तुमचं उत्पन्न धरून कर लागतो. कायद्यातल्या व्याख्येत बसणाऱ्या नातेवाइकाकडून घेतलं तर सूट; शेजारच्या काकू त्यात येत नाहीत. म्हणून तपासणीचा अहवाल जपून ठेवा. ९१.६ ऐवजी ८८ टंच आणि २८ ऐवजी १९ ग्रॅम निव्वळ हे कागदावर असेल तर तुम्ही दिलेली किंमत रास्त होती हे दाखवता येतं.

पावती साध्या कागदावर चालेल, पण त्यात हे हवं: डागाचं वर्णन, ढोबळ आणि निव्वळ वजन, टंच, शिक्क्यावरची अक्षरं, रक्कम, चेक क्रमांक, 'डाग माझ्या मालकीचा आहे' हे वाक्य, काकूंची सही आणि ओळखपत्राची प्रत. दोन्ही बाजूंनी फोटो. जुनं बिल मूळच मागून घ्या. चोरीचा माल निघाला तर पोलीस तो जप्त करतात, पैसे अडकतात. आणि संशयाला जागा असूनही घेतला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. घरातल्या इतर वारसांना विक्री माहीत आहे ना, हेही विचारा. मालकीचे वाद बहुतेक तिथूनच निघतात.

आटणी

एक राहिलं. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कसोबतचा त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) असलेला जुना डाग पुढे कधी आला तर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक घाला आणि दागिन्याचा प्रकार जुळतो का बघा. अंगठीचा क्रमांक हारावर मारलेला असू शकतो. २०२१ च्या आधीच्या हॉलमार्कला एचयूआयडी नसतो, पण बीआयएसचा त्रिकोण हवा. नुसतं '९१६' कुणीही ठोकतं.

पाटल्यांचं माप पैसे द्यायच्या आधी घालून बघा. बांगडीच्या मापात दोन-चार म्हणजे आतला व्यास ५७ मिमी, दोन-सहा म्हणजे ६०. माप वाढवायला कापून तुकडा आणि डाख घालावा लागतो, त्यात मजुरी जाते आणि तुम्ही एवढा तपासून घेतलेला टंचही.

गुजरीतली_नवखी

पाटल्या दोन-सहाच्या आहेत, मला बसतात. सोमवारी काकूंना घेऊनच केंद्रावर जाते, आकडे त्यांच्यासमोरच निघू देत. बोरमाळेचं आत्ता बोलत नाही.