जीवशास्त्राच्या परीक्षेतील दोन प्रश्नांच्या उत्तरांबाबत मदत हवी आहे

कालच्या जीवशास्त्राच्या परीक्षेनंतर आम्ही चौघांनी उत्तरे ताडून पाहिली. बहुतेक ठिकाणी एकमत झाले, परंतु आनुवंशिकतेच्या दोन प्रश्नांवरचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिला प्रश्न हार्डी-वाइनबर्ग समतोलाचा (समूहातील जनुकांची वारंवारता पिढ्यानपिढ्या स्थिर राहण्याच्या स्थितीचा) होता: अप्रभावी लक्षण दाखवणाऱ्या व्यक्ती ९ टक्के असतील, तर विषमयुग्मजी (एक प्रभावी व एक अप्रभावी जनुक असलेल्या) व्यक्ती किती टक्के? मी ०.०९ चे वर्गमूळ काढून अप्रभावी जनुकाची वारंवारता ०.३ व प्रभावी जनुकाची ०.७ धरली आणि २ × ०.७ × ०.३ या हिशेबाने ४२ टक्के हे उत्तर दिले. एका मित्राने ०.०९ हीच वारंवारता मानल्यामुळे त्याचे उत्तर सुमारे १६ टक्के आले, आणि ती चूक त्याला नंतर पटली. तिसऱ्याचे म्हणणे मात्र सहज खोडता येत नाही. त्याच्या मते विचारणा केवळ प्रभावी लक्षण दाखवणाऱ्यांपैकी किती जण विषमयुग्मजी आहेत अशी होती, आणि तसे असल्यास ०.४२ ला ०.९१ ने भागून सुमारे ४६ टक्के हे उत्तर येते. प्रश्नपत्रिका परत घेतल्यामुळे नेमके शब्द पडताळण्याची सोय नाही.

दुसरा प्रश्न हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या X गुणसूत्राशी निगडित आनुवंशिक आजाराचा होता. आई वाहक (सदोष जनुक असूनही स्वतः बाधित नसलेली) व वडील निरोगी असताना बाधित अपत्याची शक्यता मी २५ टक्के लिहिली, तर मैत्रिणीने ५० टक्के. माझ्या समजुतीप्रमाणे ५० टक्के हे उत्तर फक्त मुलग्यांपुरते खरे आहे.

हीच परीक्षा दिलेल्या कोणाला दोन्ही प्रश्नांची शब्दरचना आठवत असल्यास कृपया कळवावी.