'आत्मज्ञान' म्हणजे नेमकं काय? भाचीच्या उत्तराला शून्य गुण मिळाले

मानेवाड्याची मावशी
माझी भाची आठवीत आहे. मराठीच्या चाचणीत 'आत्मज्ञान' शब्दाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा होता. तिनं लिहिलं, "आत्मज्ञान म्हणजे आपण कसे आहोत ते आपल्याला कळणे. मला हरणे सहन होत नाही, हे आत्मज्ञान मला कॅरम खेळताना झाले." बाईंनी लाल पेनानं आडवी रेघ मारून बाजूला लिहिलं, 'आत्मा = ब्रह्म', आणि खाली दोनपैकी शून्य. पोरीनं दोन दिवस ती वही दप्तरातून बाहेरच काढली नाही.

मला ती रेघ पटलेली नाही. आत्मचरित्रात कोणी ब्रह्माचं चरित्र लिहीत नाही. आत्महत्या म्हणतो तेव्हा आत्मा मेला असं कोणालाच म्हणायचं नसतं, उलट गीता सांगते की त्याला शस्त्रं कापत नाहीत. या सगळ्या शब्दांत 'आत्म' म्हणजे स्वतः. आणि आपण रोज बोलतो तो 'आपण' हा शब्दही संस्कृतातल्या आत्मन् पासूनच प्राकृत 'अप्पण'मधून मराठीत आला. म्हणजे भाचीनं 'आपण कसे आहोत' असं लिहिलं, तेव्हा ती शब्दाच्या मुळाशीच होती. दासबोधातही 'ज्ञान म्हणजे आत्मज्ञान' म्हटल्यावर लगेच 'पाहावें आपणासि आपण' येतं. तिनं याहून वेगळं काय लिहिलं?

महालकर
ताई, शून्य द्यायला नको होतं. आठवीच्या लेकरानं स्वतःच्या मनातलं लिहिलं, त्याचं कौतुकच व्हायला हवं. पण अर्थाच्या बाबतीत मी बाईंच्या बाजूचा आहे.

तुम्ही दिलेली ओवी पाचव्या दशकाच्या सहाव्या समासातली. त्याच्या आधीचा पाचवा समासही वाचा. घोड्यांची पारख, हत्तींची पारख, अशा कितीतरी विद्या समर्थ एकेक करून मोजतात आणि हे ज्ञान नव्हे म्हणून बाजूला ठेवतात. 'मला राग येतो', 'मला हरणं सोसत नाही' ही मनाची पारख झाली. चांगली आहे, पण पारखच. छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे जातो, शिकलेल्या विद्यांची लांबलचक यादी सांगतो आणि शेवटी कबूल करतो की मी मंत्र जाणणारा आहे, आत्मा जाणणारा नाही. एवढा विद्वान माणूस जो शब्द स्वतःला लावत नाही, तो आपण कॅरमला लावायचा?

मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही. स्वभावाची ओळख म्हणा, आत्मपरीक्षण म्हणा. क्रियापदं बघितली की फरक लगेच कळतो. आत्मपरीक्षण आपण करतो. आत्मज्ञान होतं. ज्याची त्याची जागा ठेवली नाही, तर सगळेच शब्द एकसारखे गुळगुळीत होतील.

दीक्षाभूमीच्या मागे
काका, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण 'आत्मा = ब्रह्म' हा एका परंपरेचा अर्थ आहे. तो चाचणीच्या पेपरात साऱ्या मराठीचा अर्थ म्हणून कसा चालेल? आमच्या घरी आत्मा मानतच नाहीत. बुद्धानं अनत्त सांगितलं, म्हणजे कायम टिकणारा आत्मा नाही. 'अत्तदीपा विहरथ', म्हणजे स्वतःच स्वतःचे दीप होऊन राहा, या त्याच्या पाली वचनातला अत्त म्हणजे स्वतः, कोणतं अविनाशी तत्त्व नव्हे. दीप म्हणजे दिवा की बेट यावर वाद आहे, पण आसरा स्वतःचाच घ्यायचा, यावर नाही.

माझी आजी उमरेडकडच्या खेड्यातून 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांसोबत दीक्षा घ्यायला आली होती. कडेवर माझे मोठे काका. ती नेहमी सांगायची, "त्या दिवशी मले भान आलं का मी बी मानूस हावो." तिला अक्षरओळख नव्हती. तिनं वापरला तो 'भान' शब्द मला या अख्ख्या यादीत सर्वांत खरा वाटतो. आत्मभान. भाचीला तोच शिकवा.

महालकर
आजींना नमस्कार. त्या वाक्यापुढे मी वाद घालणार नाही.

शब्दाबद्दल मात्र बोलतो. भान येतं तसं जातंही. भान हरपतं, भान राहत नाही, असं आपण रोज म्हणतो. ज्ञान हरपलं असं म्हणत नाही. वेदान्तातला दाखला आहे, अंधारात दोरी साप वाटते, पण एकदा दोरी आहे हे कळलं की पुन्हा साप दिसत नाही. म्हणून दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत.

मेडिकल चौक
मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे, शास्त्रार्थ मला येत नाही. पण माझ्यासमोर बसणारा माणूस स्वतःबद्दल सगळं सांगतो. कधी प्यायला लागला, कोणाच्या मरणानंतर वाढली, बायकोच्या कोणत्या शब्दानं डोकं फिरतं, सगळं. आणि संध्याकाळी पुन्हा तिथंच जातो. आपल्याकडे याला नेमकं बोलतात, कळतं पण वळत नाही. माझा प्रश्न एवढाच की जे वळत नाही, ते कळलं तरी म्हणायचं का? काका, तुमचा दोरीचा दाखला माझ्या कामात लागू पडत नाही. दोरी आहे हे माहीत असूनही माणसं रोज घाबरतात.

मानेवाड्याची मावशी
तुमचं वाचून काल भाचीला विचारलं, तुला नेमकं कळलं काय होतं? ती म्हणाली, "मावशी, मी हरली की स्ट्रायकर फेकते, हे आईनं शंभरदा सांगितलं होतं. पन त्या दिवशी स्ट्रायकर हातात होता, हात वर गेला होता, आन् मले दिसलं का मी आता फेकून राहिली. मंग बोर्डावर ठेवून दिला."

आईनं शंभरदा सांगितलेलं तिला माहीत होतं, पण कळलं त्या क्षणी. आणि वळलंही. याला मी नुसती पारख म्हणणार नाही.

महालकर
ताई, 'मले दिसलं' हे तिनं वहीत लिहायला हवं होतं. रागावलेली ती आणि त्या रागाला बघणारी ती, या दोघी वेगळ्या आहेत, हे त्यात आलं. वेदान्ताची सुरुवात तिथूनच होते. सुरुवात म्हणतोय, आत्मज्ञान अजूनही म्हणणार नाही. दोनपैकी एक गुण देईन.

दीक्षाभूमीच्या मागे
राग आला, दिसला, गेला. बघणारी वेगळी कोणी मानायची गरजच काय, काका? मी दोन देतो.

मानेवाड्याची मावशी
सोमवारी वही घेऊन बाईंना भेटायला जाणार आहे. भांडायला नाही. स्ट्रायकरचं सांगायला.