भाचीचं एमबीए: तीन वर्षांच्या बीएमएसचं काय करायचं? शुक्रवारपर्यंत हवंय

प्रेषक: मावशी, सध्या मुक्काम पाचपाखाडी, ठाणे

नमस्कार मंडळी,
पहाटे चारला लिहितेय, अमेरिकेहून आल्यापासून झोपेचं गणित अजून जमलेलं नाही. भाचीला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक अमेरिकेत, आपल्या शेजारच्या राज्यात, दोन वर्षांचं. दुसरं इंग्लंडमध्ये, एका वर्षाचं. दोन्हीकडे शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरायचंय. अमेरिकेवाले म्हणतात, बीएमएस, म्हणजे तिची मॅनेजमेंटची पदवी, तीन वर्षांची आहे; डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन आणा. इंग्लंडवाल्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. त्यामुळे ताई म्हणते, तेच घ्या, कटकट नाही. मला हे कारण पटत नाही.

काल सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट डायनिंग टेबलावर मांडल्या. तिसरी आणि चौथी भावजींनी जपून राहाव्यात म्हणून लॅमिनेट केलेल्या. त्यावर विद्यापीठाचा शिक्का बसणार कसा? कुणी यातून गेलंय का?

प्रेषक: शिक्षण समिती

विद्यार्थ्यांचे प्रश्न आधी समितीच्या पत्त्यावर पाठवायचे, हे मार्चच्या बैठकीत ठरलं होतं. गेल्या वर्षी लिस्टवर कुणीतरी एजंटचा नंबर टाकला आणि काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी शुक्रवार जवळ आहे म्हणून इथेच लिहिते.

इंग्लंडमध्ये त्यांची स्वतःची पदवीच तीन वर्षांची असते, म्हणून ते विचारत नाहीत. त्यावरून विद्यापीठ चांगलं की वाईट काहीच कळत नाही. अमेरिकेतही सगळे अडवत नाहीत, हार्वर्ड बिझनेस स्कूलला भारतातली तीन वर्षांची पदवी चालते. कॉलेजला नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था) ए श्रेणी आणि तिला फर्स्ट क्लास असेल, तर डब्ल्यूईएस ती पदवी तिथल्या बॅचलरच्या बरोबरीची धरतं. मात्र कागद कलिन्याहून मुंबई विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी थेट जायला हवेत. घरून पाठवलेले चालत नाहीत. लॅमिनेशन घरी सोलू नका, शाई निघून येते. डुप्लिकेटसाठी अर्ज करा.

प्रेषक: नेरूळचे काका

बाहेर जायचंच कशाला, हे कुणी विचारणार आहे का? मी मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेतून एमएमएस, म्हणजे इथलं एमबीएच, केलं. संस्था १९६५ची, स्टॅनफर्डच्या मदतीनं उभी राहिलेली. ठाण्याहून फास्ट पकडायची, दादरला बदलून चर्चगेट. दोन वर्षं दारात उभं राहून नोट्स वाचल्या आणि घरच्यांवर एक रुपयाचं कर्ज झालं नाही. सीईटीत, म्हणजे प्रवेशपरीक्षेत, आजही निगेटिव्ह मार्किंग नाही. पोरीनं एक वर्ष मनापासून अभ्यास करावा. शेजारच्या पोराचं पाहून परदेशी जाऊ नये.

प्रेषक: माजी सचिव

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ती शेजारच्या पोराचं पाहून चाललेली नाही. मागच्या दिवाळीत ती इथे आली होती तेव्हा माझ्याशी तासभर बोलली. ऐरोलीत दोन वर्षं डेटाचं काम केलंय, पुढे त्यातच राहायचंय. आणि बजाजच्या जागा किती, बसणारी मुलं किती, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

मावशी, अमेरिकेतल्या विद्यापीठाला आज एकच मेल टाका: या एमबीएचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, काय? नंतर आय-२०वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर, तोच छापून येतो. ५२.०२०१ म्हणजे साधं बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, त्यावर शिकून झाल्यावर बारा महिने ओपीटी, म्हणजे तिथे काम करायची परवानगी. ५२.१३०१ म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, ते स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) येतं, वर चोवीस महिने मिळू शकतात. माझ्या धाकट्यानं हे विचारलं नव्हतं. बारावा महिना लागला तेव्हा घरात कुणाला जेवण गेलं नाही. इंग्लंडचं म्हणाल तर १ जानेवारी २०२७पासून ग्रॅज्युएट व्हिसाला (शिकून झाल्यावर तिथे राहून काम करायचा व्हिसा) अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार आहे. एका वर्षाच्या कोर्समध्ये इंटर्नशिपचा उन्हाळा मिळत नाही, तोही धरा.

प्रेषक: शिक्षण समिती

सीआयपी कोडची माहिती समितीच्या पत्रकात आहे, पान दोन.

प्रेषक: घोडबंदरची काकू

कर्जाचं कुणीच बोललं नाही. आम्ही मुलासाठी फ्लॅट तारण ठेवायला गेलो तर इमारतीचं कन्व्हेयन्सच, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही असं निघालं. सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, ओसी (इमारतीचा भोगवटा दाखला), सगळं आजच काढून बघा. फी शक्यतो कर्जातूनच पाठवा. १ एप्रिल २०२५पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक घेते तो कर) कापत नाहीत, आणि व्याजावर आयकरात वजावट मिळते, जुनी करपद्धत ठेवली असेल तर.

प्रेषक: नेरूळचे काका

बिल्डर कन्व्हेयन्स करून देत नसेल तर त्याच्याशिवाय डीम्ड कन्व्हेयन्स करता येतं. सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. आमच्या सोसायटीचं मी स्वतः केलंय, कागद पाहिजेत तर कळवा.

प्रेषक: मावशी

सगळ्यांचे आभार. कॉलेज ए श्रेणीचं आहे, पोरीला फर्स्ट क्लास आहे. कोडचं उत्तर रात्री आलं: ५२.१३०१. भाचीनं तो मेल तीनदा मोठ्यानं वाचला, मग ताईनं तिच्या हातातून फोन घेऊन स्वतः वाचला. अमेरिकेचं डिपॉझिट गुरुवारी भरतोय. मूल्यांकन यायला वेळ लागेल, त्यासाठी मुदतवाढ लेखी मागितली आहे.

उद्या सकाळी ठाण्याहून कुर्ला, तिथून रिक्षानं कलिना. भावजी सोबत येताहेत, दोन्ही मार्कशीट त्यांनीच पिशवीत ठेवल्यात. काकू, तुमच्या फ्लॅटला शेवटी कोणत्या प्रकारच्या बँकेनं हो म्हटलं, सरकारी की सहकारी, तेवढं आज रात्री कळवा.