प्रतिसाद: हॅमसोबत पांढरी वाईन

हॅमसोबत (खारवलेलं डुकराचं मांस) कुठली पांढरी वाईन घ्यावी या प्रश्नावर वर कुणी शार्दोने ही पांढरी वाईन सुचवली आहे, पण ती ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली असेल तर हॅमबरोबर नको. हॅमच्या मिठापुढे ओकची चव कडवट लागते. किंचित गोडसर आणि आंबटपणा टिकून असलेली वाईन घ्या: नाशिकची शेनिन ब्लां किंवा रीझलिंग, दोन्ही पांढऱ्याच. हॅमवर गूळ-मोहरीचा लेप देणार असाल तर तो पातळच ठेवा. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन नुसती आंबट लागते. पाव किलोला एक चमचा गूळ, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट पुरे. काप फार खारट निघाले तर भाजण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून नीट टिपून घ्या. ओले राहिले तर तव्यावर पाणी सुटतं, रंग येत नाही.

खरी गडबड तापमानाची. मे महिन्यात इंदुरात बाटली टेबलावर ठेवली की बघता बघता कोमट होते, मग फक्त अल्कोहोल जाणवतं. बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत वीस मिनिटं बुडवा, ग्लास अर्ध्याहून कमी भरा. आणि चखण्याला रतलामी शेव नको, तिखटाने वाईन जळजळते.