मदत हवी आहे: धरणावर गळ टाकणारे आम्ही, पहिल्यांदाच समुद्राच्या खडकावरून मासे धरायला जाणार

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी.

मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो. गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा या धरणांवर लहानपणापासून गळ टाकतोय. राहू-कटल्याला पिठाचा गोळा, मरळीला रबरी बेडूक, पाणी उतरायला लागलं की वांब कुठे सापडते, हे सगळं अंगवळणी पडलंय. समुद्राचा मात्र काहीच अनुभव नाही.

बहीण लग्न होऊन गुहागर तालुक्यात गेली, हेदवीपासून जवळच. भाऊबीजेला गेलो तेव्हा दाजींनी गावाबाहेरचं समुद्रात घुसलेलं टोक दाखवलं. वर जांभ्याचा सडा (उघडं, सपाट पठार) आणि खाली उतरलं की काळा कातळ, टप्प्याटप्प्याने थेट पाण्यात गेलेला. तिथे दोघं जण गळ टाकून बसले होते. त्यांच्या पिशवीत हातभर लांब, तांबूस रंगाचा मासा होता. दाजी म्हणाले, तांब आहे. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

दाजी शिक्षक आहेत, मासे धरायला जात नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की भरती बघून जा.

डिसेंबरात मी, चुलतभाऊ आणि त्याचा अकरावीतला मुलगा असे तिघं जायचं ठरवतोय. पुतण्याला नेतोय म्हणजे त्याची जबाबदारी माझी, वहिनींना तसा शब्द दिलाय. म्हणून निघण्याआधी इथे विचारतोय. भरती बघून जायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? भरतीत जायचं की ओहोटीत? उभं राहायची जागा चांगली की वाईट, हे नवख्या माणसाने कसं ओळखायचं? माझ्याकडे सात फुटी रॉड, ३००० नंबरचं रील आणि १५ पौंडाची ब्रेड (विणलेला दोर) आहे, ती चालेल का? धरणावर आम्ही अनवाणी किंवा चपलेवर वावरतो, तिथे पायात काय घालावं? पोहता तिघांनाही येतं, पण गोड्या पाण्यात.

खडकावरून मासे धरणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा.

सिडकोकर

दादा, मीही नाशिकचाच, दरवर्षी हिवाळ्यात कोकणात जातो. तुमचा सेट धरणाला उत्तम, खडकाला अपुरा. अडचण माशाच्या वजनाची नाही. तांब आणि हेकरू (काही जण गोबरा म्हणतात) कपारीत राहतात. आमिष उचललं की तोंड फिरवून थेट कपारीत. तिथे दोर कातळाला घासला की संपलं. राहूला जशी ढील देऊन दमवता, तशी इथे पहिल्या क्षणी द्यायचीच नाही. म्हणून दहा फुटांचा जरा दणकट रॉड, ५००० च्या आसपासचं रील, ३० ते ४० पौंडाची ब्रेड आणि पुढे दीड-दोन हात ५० पौंडाचा जाड तंगूस (नायलॉनचा दोर). लांब रॉडचा दुसरा फायदा म्हणजे दोर समोरच्या कातळाच्या कडेपासून लांब राहतो, तुम्हाला कडेशी जावं लागत नाही.

शिसं, म्हणजे गळ खाली नेणारं वजन, कपारीत अडकणार हे गृहीत धरा. गळ जाड तंगुसाला बांधा आणि शिसं वेगळ्या, बारीक, कमजोर तंगुसाने खाली सोडा. अडकलं की शिसं तेवढं तुटतं, गळ आणि मासा दोन्ही वाचतात. त्यासाठी बाजारातलं शिसं कशाला घालवायचं? वजन म्हणून गॅरेजवाल्याकडून जुने स्पार्क प्लग मागून आणा. मी डबाभर नेतो. फक्त उरलेले आणि तुटलेले दोर खडकावर टाकून येऊ नका.

आमिष तिथेच घ्या: ताजी कोळंबी, माकुलाच्या पट्ट्या, बोयचा तुकडा. पिठाचे गोळे घरी ठेवा. परत आल्यावर रील गोड्या पाण्याने धुतलं नाहीत तर मिठाने आतून धरतं.

आणि एक. नाशिकहून रात्रभर गाडी हाकून सकाळी तडक खडकावर जाऊ नका. कसारा, पनवेल, चिपळूण करत पोहोचेपर्यंत अंग आंबलेलं असतं, आणि खडकावर पाय घसरतो तो असल्याच वेळी. पहिला दिवस बहिणीकडे झोप काढा. संध्याकाळी नुसतं टोकावर जाऊन बघून या, रॉड न घेता.

खडपातला (गुहागर तालुका)

गोदाकाठ, तुम्ही आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. आमच्याकडे खडपात (किनाऱ्याच्या खडकांत) गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी मागे बसून शिकलेला असतो. बाहेरून येणाऱ्याला तसं कोणी नसतं, म्हणून जरा लांबण लावतो.

भरतीपासून सुरुवात करू. दोन भरत्यांमध्ये साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांचं अंतर असतं आणि भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. त्यावरून आमच्या जुन्या लोकांचा हिशेब आहे: तिथीच्या पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या, पुनवेला-अमावास्येला दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे नेमक्या वेळेसाठी जवळच्या बंदराचं छापील कोष्टक किंवा ॲप बघाच. पण कॅलेंडरवर तिथी बघून घरबसल्या बेत आखायला हा हिशेब पुरतो.

पुनव आणि अमावास्येच्या आगेमागे उधाण. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि चढतं तेही झपाट्याने. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. जाणते लोक उधाणातही गरवतात, तुम्ही पहिल्यांदा उधाण पूर्ण टाळा. दशमी-एकादशी धरा. सकाळी सात वाजता चांगला उजेड असतो, भरती सव्वाआठ-साडेआठला. म्हणजे भरतीचा शेवटचा दीड तास आणि सुकती (ओहोटी) लागल्यावरचा पहिला तास, हे दोन्ही तुम्हाला उजेडात मिळतात. मासा खायला वर येतो तो याच वेळात. शिवाय सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, पाणी त्यामानाने शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की त्याच जागी लाट चढायला लागते. दहाला आवरून घरी या.

आता जागा. टोकावर पोहोचल्यावर रॉड उघडू नका. वर सड्यावर बसा आणि अर्धा तास नुसतं पाणी बघा. लाटा एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ लहान येतात आणि मग तीन-चार मोठ्या लागोपाठ येतात. पाच मिनिटं बघणाऱ्याला ती मोठी रांग दिसतच नाही. तो खाली उतरतो आणि मग ती येते. ज्या टप्प्यापर्यंत कातळ ओला आहे तिथवर लाट आलेली आहे, हे सरळ आहे. ओल्याच्या वरचा पूर्ण कोरडा, खरखरीत टप्पा तुमचा. काळा-हिरवट तुकतुकीत पट्टा दिसेल, त्यावर पाय टाकायचा नाही. वाळलेला वाटला तरी ते शेवाळ आहे, शिंतोडा उडाला की तेल.

दुसरं म्हणजे पाठीमागे बघा. माणूस समोरच्या लाटेवर नजर ठेवतो, पण चढत्या भरतीत धोका मागून येतो. बऱ्याच टोकांवर पुढचा मोठा कातळ आणि जमीन यांच्यामध्ये एक चर असतो. ओहोटीला तो कोरडा, चालत ओलांडता येतो. भरतीचं पाणी आधी तिथे शिरतं. तुम्ही पुढे उंच, कोरड्या कातळावर मजेत बसलेले असता आणि परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. असा चर ओलांडून पुढे जावं लागेल ती जागा सोडून द्या, मासा कितीही असो.

हेदवीला जाणारच आहात तर उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ भरतीच्या वेळी लांब उभं राहून बघा, पुतण्यालाही दाखवा. कातळातली अरुंद घळ आहे. लाट आत शिरते, पाण्याला बाजूला पसरायला जागा मिळत नाही, मग ते घुसळून उंच उसळतं. समोरच्या समुद्रात एवढी लाट नसतेच. तुमच्या टोकावरही अशा लहान-लहान घळी असतील. कुठल्याही घळीच्या तोंडाशी किंवा काठाशी उभं राहू नका.

हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज मिळतो. त्यातली लाटेची उंची ही सगळ्यांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दीड मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून एखादी तीन मीटरच्या जवळ जाणारी येऊ शकते. दोन लाटांमधलं अंतर बारा-चौदा सेकंदांच्या वर असेल तर ती लांबून आलेली लाट. वारा नसताना, आकाश निरभ्र असतानाही ती खडकावर फार वर चढते. असा अंदाज दिसला की त्या दिवशी बेत रद्द.

पायात मऊ रबरी तळव्याचे, लेस घट्ट बांधता येतील असे बूट घाला. आमची माणसं अनवाणी दिसतील, त्यांचं बघून काढू नका. कातळाला कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. गमबूट अजिबात नको, पाणी भरलं की पाय उचलत नाही.

गोदाकाठ

खडपातला दादा, मनापासून आभार. चराचं तर डोक्यातही आलं नव्हतं. एक शंका. तुम्ही म्हणता तसा कोरडा टप्पा पाण्यापासून दीड-दोन पुरुष वर येतो. धरणावर मासा दमला की आम्ही काठाला उतरून हाताने किंवा जाळीने उचलतो. इथे एवढ्या वरून मासा कसा घ्यायचा? शेवटच्या क्षणी एकाने पटकन खाली उतरून घेतला तर?

खडपातला (गुहागर तालुका)

नाही. कोणीही उतरायचं नाही, एका क्षणासाठीही नाही. माणसं जातात ती बहुतेक याच वेळी. सगळ्यांचं लक्ष माशावर, पाठ समुद्राकडे, पाय ओल्या टप्प्यावर आणि एक हात गुंतलेला. तुमची धरणावरची सवय इथे सगळ्यांत आधी सोडायला हवी.

गळ टाकण्याआधी मासा कुठून वर घेणार हे ठरवा. कोरड्या कातळावरून चालत जाता येईल आणि जिथे कातळ पाण्यात उतरता आहे, अशी बाजू हेरून ठेवा. मासा लागला की आधी कपारीपासून ओढून काढा, वरच्या वर हळूहळू त्या बाजूला चालवत न्या आणि मोठ्या लाटेची वाट बघा. लाट त्याला स्वतःच उचलून कातळावर आणते. तेव्हा दोर ताणून धरायचा. लाट मागे सरकताना ओढायचं नाही, तेव्हा पाण्याचं सगळं वजन दोरावर येतं. पुढच्या लाटेला आणखी वर. किलो-दीड किलोचा मासा ५० पौंडाच्या तंगुसाने सरळ उचलताही येतो. त्याहून मोठ्यासाठी दोरीला बांधलेली गोल जाळी वरून सोडतात. अशी जागाच मिळाली नाही तर त्या कातळावरून गरवू नका. आणि मासा सुटतोय असं दिसलं तर सुटू दे. पुतण्याला हे तिथे नाही, घरीच सांगा.

माशांबद्दल दोन शब्द. फुगून गोल होणारा केंड लागेल. तो घरी न्यायचा नाही, त्याचं विष शिजवूनही जात नाही. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही कल्ल्यांमागच्या काट्यांना पक्कड वापरा. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. वीतभराची तांब परत सोडा.

जलतरण_ताई (नाशिक)

मी मासे धरत नाही, पोहायला शिकवते. तिघांनाही पोहता येतं या वाक्यावर थांबले म्हणून लिहिते. धरणात पडलेला माणूस काठाकडे पोहतो आणि वाचतो. खडकाच्या समुद्रात काठाकडे पोहणं हाच घात आहे, कारण लाट त्याला कालवांच्या कातळावर पुन्हा पुन्हा आपटते. पडलात तर पहिले काही हात खडकापासून दूर मारायचे. मग उताणं होऊन तरंगायचं, श्वास सावरायचा आणि मोठी रांग जाऊ द्यायची. जवळपास वाळूचा किनारा असेल तर लांब असला तरी तिकडे जायचं, नाहीतर तरंगत मदतीची वाट बघायची.

हे सगळं लाइफ जॅकेट असेल तरच. फोमचं, मांड्यांमधून पट्टा असलेलं घ्या. पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकून तोंडावर येतं. मुलासाठी त्याच्या वजनाचं घ्या, मोठ्याचं ढगळ नको. निघण्याआधी इथल्या तलावात परवानगी घेऊन तिघांनीही कपडे-बुटांसकट घालून बघा.

वर राहिलेल्यांनी पाण्यात उडी मारायची नाही. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या, झाकण घट्ट, आत पेलाभर पाणी म्हणजे फेकताना वाऱ्यावर भरकटत नाही. मुठीला वीस मीटर दोरी. फेकायला सोपा आणि माणसाला धरून तरंगता येतो. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन नंबर मुलाच्या फोनमध्येही ठेवा. कड्याखाली रेंज नसते, म्हणून वर एक जण असलाच पाहिजे.

गोदाकाठ

ताई, जॅकेटं या रविवारी आणतो आणि तलावात विचारून बघतो. पट्टा असलेलीच घेईन.

ठरलं ते सांगतो. एकादशी धरून जाणार, आदल्या दिवशी दुपारपर्यंत बहिणीकडे. संध्याकाळी रॉडशिवाय टोकावर. दाजी सड्यावर फोन घेऊन बसायला तयार आहेत, दहाला परत हे त्यांनाही सांगितलंय. पुतण्याला एकट्याने गळ टाकू देणार नाही, तो माझ्या मागच्या टप्प्यावर बसेल. स्पार्क प्लग द्वारका सर्कलच्या गॅरेजवाल्याने आजच पिशवीभर दिले.

गावात कोणाला विचारून जावं लागतं का? आणि तिथे आधीच कोणी बसलेलं असलं तर?

खडपातला (गुहागर तालुका)

परवानगी अशी नाही, पण आदल्या संध्याकाळी खाली होड्या लागतात तिथे जाऊन खारवी (मच्छीमार) मंडळींना भेटा. कुठल्या कातळावर जाणार ते सांगा. त्या टोकावरची लाट कुठे चढते हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही, आणि पाण्यात कोणाचं जाळं लावलेलं असेल तर तेही कळेल. ते म्हणाले उद्या नको, तर नको. कोळंबीही त्यांच्याकडेच मिळेल. आधी कोणी बसलेलं असेल तर पंधरा-वीस हात सोडून बसा, त्यांच्या दोरावरून आपला दोर टाकू नका.

पुतण्याला तुमच्या मागे बसवताय ते ठीक, पण थेट पाठीमागे नको. गळ मागे जाऊन पुढे येतो. बाजूला आणि एक टप्पा वर बसवा.

गोदाकाठ

बाजूला आणि वर. लक्षात ठेवतो. जाऊन आलो की इथेच लिहितो.